निपाणीला गेलेलं प्रस्थान

लेकीनं फोनवर एक चित्र पाठवलं होतं. एका टोकाला बंगळूर, दुसऱ्या टोकाला सॅन फ्रान्सिस्को आणि मध्ये निळी कमान. खाली लिहिलेलं, चौदा हजार किलोमीटर, सोळा-सतरा तास. सोबत तिचा निरोप की आई बघ, मध्ये कुठंच उतरायचं नाही, एका दमात येतेस. मी ते चित्र दिवसातून दहा वेळा उघडत होते आणि दर वेळी माझं डोकं फिरत होतं. मोजणाऱ्यानं विमानतळापासून विमानतळापर्यंत मोजलं होतं. विमानतळावर का कुणी राहतं? बेळगावजवळच्या मच्छ्यातल्या माझ्या दारापासून लेकीच्या खाटेपर्यंत किती, ते कुणीच सांगत नव्हतं.

लेक पहिलटकरीण. रीतीनं तिनंच माझ्याकडं यायचं, पण नोकरी आडवी आली, मग डॉक्टरांनी विमानात बसू नको म्हणून सांगितलं. म्हणून मीच जाणार असं ठरलं. व्हिसा आधीच काढून ठेवला होता, तिकीट बाळंतपणाच्या पंधरवडाभर आधीचं होतं, सगळं कसं आखीवरेखीव. आणि एके दिवशी तिचं बीपी चढलं. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, आता वाट बघत बसायचं नाही, येत्या गुरुवारी ऑपरेशन करून बाळ काढू. जावयानं तिकीट बदललं. तरी मी पोचणार बुधवारी, तिच्या गुरुवाराच्या जेमतेम एक दिवस आधी. लेक तशी धीराची, लहानपणापासून कधी कशाला हट्ट धरला नाही. त्या दिवशी फोनवर एवढंच म्हणाली, "आई, मला आत न्यायच्या आधी तू पोच."

पोचते, म्हणाले. म्हणाले खरं, आणि फोन ठेवून लगेच बॅग काढली. कारण आत जायच्या आधी आई नसणं म्हणजे काय, ते मला चांगलं ठाऊक होतं.

माझं माहेर जांबोटीकडचं, रानातलं. तिकडं पाऊस पडायला लागला की पडतच राहतो आणि एसटीचा नेम नसतो. म्हणून माझ्या पहिल्या वेळेला आईच म्हणाली की तू इकडं येऊ नको, बेळगावातच राहा, दिवस भरत आले की मी येते. दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. मिस्टरांनी एका कंडक्टरकडं निरोप दिला, पण ओढ्याला पाणी आलं आणि गाडी अर्ध्यातनं परत फिरली. बेळगाव ते जांबोटी, डोंगर नाही की दर्या नाही, सकाळी गेलेला माणूस दुपारी जेवायला परत यावा एवढंच ते. दवाखान्यातली सिस्टर मधूनमधून येऊन विचारायची, तुमच्याकडचं कोण बाईमाणूस हाय का न्हाय? मी दर वेळी म्हणायचे, आई निघालीय. निरोप पोचला की नाही हेसुद्धा मला माहीत नव्हतं, पण मी तेच धरून बसले होते. ती आली दोन दिवसांनी. डोक्यावर इरलं, पायाला चिखल, काही वाट चालत, काही लाकडाच्या ट्रकमधनं. पोरगी तोवर माझ्या कुशीत होती. आईनं दारातच पाय पुसले आणि म्हणाली, "वाटंतच होते गं." मग पोरीला उचलून घेतलं.

तर माझी अशी तगमग का चालली होती ते कळलं असेल. मी शाळामास्तरीण, पोरांचा वर्ग उभ्या आयुष्यात आवाज न चढवता सांभाळलेली, पण त्या आठवड्यात घरात कुणी माझ्या वाऱ्याला उभं राहत नव्हतं. बॅग भरायची, उपसायची, पुन्हा भरायची. डिंकाचे लाडू आधी खाली ठेवले, मग वर, मग वाटलं तिथले साहेब उघडून बघतील, मग पुन्हा खाली. मिस्टर उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर काम करून रिटायर झालेले, त्यांना आकड्यांचा भारी सोस. विमानाचा वेग किती, किती उंचावरनं जाणार, तिथलं घड्याळ किती मागं, हे मला सांगून धीर देत होते. धीर कसला, मला त्यांचं तोंड बंद करावंसं वाटत होतं.

त्यात आक्कांनी पंचांग काढलं. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या वन्स, नवरा गेल्यापासून आमच्याकडंच असतात. आमच्या घरात कुणाचं पाऊल कधी बाहेर पडायचं ते त्याच ठरवतात. चष्मा लावून त्यांनी बोट फिरवलं आणि बोट एका जागी थांबलं. मी निघणार तो दिवस अवसेचा होता. मी तडकले. विमान काय पंचांग बघून उडत नाही, म्हटलं, आणि तिथल्या डॉक्टरला अवस-पुनव सांगायला तुम्ही जाणार काय? आक्का शांतपणे म्हणाल्या, विमान अडवायला कोण सांगतंय, आदल्या दिवशी प्रस्थान ठेवू की.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. निघायचा दिवस चांगला नसेल तर त्याआधीच्या चांगल्या वेळेला आपली एखादी वस्तू हळदकुंकू लावून, तांदूळ-सुपारीसोबत शेजारच्या घरी ठेवून यायची. त्याला प्रस्थान म्हणतात. ठेवलं की माणूस निघाला, असंच धरायचं. मग तो घरी जेवला काय, झोपला काय, त्याचा प्रवास सुरू झालेला असतो. दुसऱ्या दिवशी जाता जाता ती वस्तू उचलायची आणि पुढं चालू लागायचं, घराकडं परत वळायचं नाही.

आता प्रस्थान ठेवायचं ते जायच्या दिशेच्या घरात. आली का पंचाईत. आक्का म्हणाल्या, अमेरिका पश्चिमेला, शाळेत तूच पोरांना शिकवलंस. मिस्टरांनी लेकीचं चित्र काढून दाखवलं की विमान पश्चिमेला जातच नाही, पृथ्वीच्या डोक्यावरनं, उत्तरेकडनं जातं. मी म्हटलं, आधी बंगळूरला जायचंय, ते दक्षिणेला. आणि बंगळूरला जायचं तर सांबऱ्याचा विमानतळ, तो आमच्यापासून उगवतीकडं. चारी दिशा झाल्या. अंगणात उभं राहून आम्ही तिघं म्हातारी माणसं हात लांब करकरून भांडत होतो, रस्त्यानं जाणारे बघत होते. शेवटी मिस्टरांनीच तोड काढली, उत्तर आणि पूर्व दोन्ही साधते ती ईशान्य. आणि ईशान्येला आमच्या अंगणाला लागून शेजारणीचं घर. मी म्हटलं, काय ठेवायचं ते ठेवा, माझं डोकं खाऊ नका.

त्या संध्याकाळी आक्का ताट घेऊन शेजारी जाऊन आल्या. रात्री जेवायला बसले तर मला विचारतात कशा, जेवूनच जाणार न्हवं? म्हणजे मी आता या घरात पाहुणी. मला हसू यायला पाहिजे होतं, आलं नाही.

अवसेच्या सकाळी भाड्याची गाडी दारात लागली. मिस्टर मला बंगळूरपर्यंत सोडायला येणार होते. सांबऱ्याहून दुपारचं विमान, रात्री बंगळूरला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी ते मोठं विमान. बॅगा चढवल्या, देवाला नमस्कार केला आणि प्रस्थान उचलायला शेजारी गेले. दाराला कुलूप. पलीकडच्या बाईनं सांगितलं, ती सकाळच्या गाडीनं निपाणीला गेली. तिचं माहेर तिकडचं, अवसेला माहेरच्या देवाला नारळ फोडायला जाते, संध्याकाळपर्यंत येईल. मी म्हटलं, राहू दे तिथंच, मूठभर तांदळासाठी काय अडलंय, चला. आणि वळून बघते तर आक्कांनी फाटकाला धरलेलं, तोंडावरचा रंग उडालेला.

"त्यात तुझा पासपोर्ट हाय," त्या म्हणाल्या.

मी माझी लाल पिशवी, पासपोर्ट आणि तिकिटाची, कपाटात ठेवली होती आणि बॅगा भरायच्या घोळात ती खांद्याच्या पर्समध्ये टाकलीय अशा समजुतीत होते. आक्कांनी तीच प्रस्थानाला नेऊन ठेवली होती. त्यांचं म्हणणं असं की सुपारी न्यायची राहिली तरी माणूस जातो, म्हणून सुपारीचं प्रस्थान कच्चं. ज्याच्याबिगर पाऊल उचलत नाही तेच ठेवावं, म्हणजे जाणं चुकत नाही. काय बोलणार? मी बोललेच म्हणा, जे तोंडाला येईल ते बोलले. आक्का ऐकून घेत उभ्या राहिल्या. मिस्टर तेवढ्यात शेजारणीला फोन लावत होते.

फोन लागला. पुढचं ऐकून मी फाटकाजवळच बसले. पिशवी घरातही नव्हती. तिनं ती बरोबर नेली होती. कुलूपबंद घरात, दिव्याशिवाय, अवसेचं कुणाचं प्रस्थान कसं ठेवायचं, असं तिला वाटलं होतं. आणि मी आज जाणार हे तिच्या मनातच आलं नाही. अवसेला एवढ्या लांबच्या वाटेला कोण घर सोडतंय, प्रस्थान तीन दिवस चालतं, म्हणजे अवस सरली की पाडव्याला निघणार, असा तिचा हिशोब. तिचा भाऊ मोटारसायकल घेऊन गावाला गेलेला आणि लगेच परत यायला एसटी नव्हती. ती फोनवर रडायला लागली.

गाडी निपाणीच्या दिशेनं वळवली. सांबऱ्याचं विमान हातचं गेलं हे यमकनमर्डीच्या पुढंच मिस्टरांनी कबूल केलं. पण निपाणीहून बंगळूरपर्यंत एकच मोठा रस्ता, रात्रभर गाडी चालवली तरी उद्याचं विमान गाठता येतंय, असं ते ड्रायव्हरशी बोलत होते. मी काच खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली. अमेरिकेला निघालेली बाई महाराष्ट्राच्या दिशेनं चालली होती. संकेश्वर गेलं, घाट गेला, निपाणी जवळ आल्यावर काचेतनं तंबाखूचा खाट नाकात भरला. कुठं कुणाला काय बोलायचं ते सगळं मी मनात जुळवून ठेवलं होतं.

शेजारीण हायवेच्या पुलाखाली उभी होती. देवळातनं तशीच धावत आलेली, पायात चप्पल नाही, आणि लाल पिशवी पदराखाली दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. वाटेत प्रस्थान जमिनीला लागू द्यायचं नसतं, म्हणून सकाळपासून तिनं ते खाली ठेवलेलं नव्हतं. एसटीच्या गर्दीत मांडीवर, देवळात नारळ फोडताना बगलेत. गाठ आक्कांनी मारलेली तशीच. माझ्या जिभेवर आलेलं सगळं तिथंच राहिलं. मी हात पुढं केला तर म्हणते, थांबा बाई, तोंड उत्तरेला करून घ्या. ट्रक अंगावरनं चाललेले, विमान गेलेलं, आणि मी निपाणीच्या पुलाखाली उत्तरेला तोंड करून उभी राहिले. तिनं मला कुंकू लावलं आणि पिशवी दिली. मग आम्ही गाडी दक्षिणेला वळवली.

बेळगाव बाहेरच्या बाहेर ओलांडलं. आक्कांचा फोन आला की प्रस्थान उचललंय, आता घराकडं फिरू नकोस. तेवढंच बोलल्या आणि ठेवला. बागेवाडीच्या आसपास वर एक विमान गेलं. माझंच असेल असं वाटलं, मिस्टर म्हणाले नसेल, ते तर कधीच गेलं.

कित्तूर मागं पडलं आणि जावयाचा फोन आला. लेकीला दवाखान्यात दाखल केलंय, बीपी उतरत नाही, गुरुवारपर्यंत थांबतील असं वाटत नाही. मी त्याला विचारलं, किती वेळ थांबतील? तो म्हणाला, ते सांगत नाहीत. मग लेकीला फोन दिला. नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, येतेय गं, येतेय. फोन बंद झाल्यावर मिस्टरांनी पहिल्यांदाच आकडा काढला नाही. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि धारवाड येईपर्यंत काढला नाही.

बंगळूरला विमान गाठलं. तपासणीच्या खिडकीतल्या माणसानं पासपोर्ट उघडला आणि पानांतनं पिवळे तांदूळ त्याच्या टेबलावर सांडले. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी कन्नडमधनं सांगितलं की पोरीचं बाळंतपण आहे, घरच्यांनी पूजा केलीय. त्यानं शिक्का मारला, तांदूळ बोटानं गोळा करून पुन्हा पानांत घातले आणि म्हणाला, होगी बन्नी अम्मा. जाऊन या म्हणाला, तेवढ्यानं माझे डोळे भरले.

सोळा-सतरा तास. समोरच्या खुर्चीच्या पाठीला नकाशा, त्यावर एवढंसं विमान. मी बघितलं की ते हलायचं नाही, डोळे मिटून उघडले की केसभर पुढं. फोन बंद, कुणाला विचारायची सोय नाही. तिला आत नेलं असेल का? आत्ता? का आत्ता? मी उठायची, मागच्या टोकापर्यंत जायची, परत यायची. विमानातली पोरगी दोनदा पाणी देऊन गेली, तिसऱ्यांदा तिनं विचारलं काही दुखतंय का. काय सांगायचं तिला? बसच्या वाटेवर ओढा असतो, तो दिसतो तरी, उतरून चालायला लागता येतं. माझी आई चालली. मला चालायलाही जागा नव्हती, चालले तरी विमानाच्या आतच. खाली बर्फ की ढग ते कळत नव्हतं. मिस्टर म्हणाले होते तसे आम्ही पृथ्वीच्या डोक्यावर असू. मी सगळ्या देवांची नावं घेतली, मग आक्कांना शिव्या घातल्या, मग पुन्हा देवांची नावं घेतली.

उतरले तेव्हा तिथं त्याच तारखेची संध्याकाळ व्हायची होती. बाहेरच्या गर्दीत जावई उभा दिसला आणि मी बॅगा तिथंच सोडल्या. तो इथं आलाय म्हणजे तिथलं उरकलंय. तो पुढं येऊन पाया पडला, मुलगी झाली म्हणाला, दोघी बऱ्या आहेत. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आनंद झाला, का नाही होणार, पण त्याच्या मागोमाग जे आलं ते रडू होतं. त्यानं सांगितलं, सकाळीच आत नेलं, थांबता येत नव्हतं. म्हणजे मी आकाशात असताना.

गाडीत बसल्यावर मी राग धरायला माणूस शोधत होते. आक्कांवर धरावा तर निपाणीचा फेरा पडला नसता तरी बंगळूरचं विमान हेच होतं, पोचले असते याच वेळेला. शेजारणीचं तर काहीच नव्हतं. डॉक्टरनं पोरीचा जीव बघायचा की माझी वाट बघायची? एवढा मोठा राग आणि तो ठेवायला कुठं जागाच नाही. मी नुसती पिशवीची गाठ सोडत आणि बांधत बसले.

लेक पडून होती, चेहरा पांढरा, ओठ सुकलेले. बाळ तिच्या दंडाशी. मी दारातच थबकले. काय बोलायचं ते सगळं वाटेत ठरवलेलं होतं, माफ कर म्हणायचं होतं, विमानाचं सांगायचं होतं, आणि त्यातलं एक अक्षर आठवेना. तिनं डोळे उघडले. 

"लई वाट बघितली आई," ती म्हणाली. "आत नेताना नर्सनं विचारलं, अजून कोणी यायचंय का. मी म्हटलं, आई निघालीय."

मी तिच्या उशाशी बसले, तिच्या केसांत तोंड घातलं. उभा जन्म शाळेत शुद्ध बोलायला शिकवलेली मी, आणि माझ्या तोंडून जे आलं ते माझ्या आईचंच होतं.

"वाटंतच होते गं."

"ठाऊक आहे मला," लेक म्हणाली. "आत्यानं सारखा फोन करून सांगितलं की. तू परवाच निघाली आहेस म्हणून."